दुपारपुरते पाटील

निघायच्या आदल्या दिवशी विक्कीने गाडीच्या मागच्या काचेवरचं 'जय भीम'चं निळं स्टिकर ब्लेडने खरवडून काढलं, तेव्हाच ललिताबाईंच्या कपाळावर आठी पडली होती.

"कावून काढलं रे?"

"बाहेरच्या राज्यात जाऊन राहिलो आई. उगाच कोनाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

ललिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. धोंडबा गजभिये म्हणजे भिलाईच्या कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांच्या धगीत उभी हयात काढलेला माणूस. गेटवरच्या युनियनच्या सभेत माईक हातात आला की ते भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फोडायचे. पण मुलापुढे हल्ली त्यांचा आवाज निघत नसे. "जाऊ दे ना," असं पुटपुटत ते बॅगा बांधायला लागले.

ललिताबाईंनीही जाऊ दिलं. समुद्राची हौस त्यांचीच होती. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये होते तेव्हा दर हिवाळ्यात शेजारपाजारचे कोणी ना कोणी पुरीला जाऊन यायचे, पिशवीभर शिंपले आणून दाखवायचे. आणि यांचं दरवेळी काहीतरी निघायचं. कधी ओव्हरटाइम, कधी सासूचं दुखणं, कधी भिलाईलगतच्या कुरुदच्या प्लॉटवरचं बांधकाम. आता निवृत्तीनंतर त्याच कुरुदच्या घरात येऊन बसल्यावर विक्कीने आपणहून विषय काढला होता. नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासात तो फिजिक्स शिकवायचा. तिथे नाताळची सुट्टी लागली. सून साक्षीने बँकेतून रजा काढली. नऊ वर्षांची नात मोनाली तर पोहायचा चष्मा डोळ्यांना लावूनच घरभर हिंडत होती. ललिताबाईंनी डबाभर ठेठरी-खुरमी तळली. अशा वेळी एका स्टिकरवरून तोंड कोण वाजवणार?

स्वेटर, मफलर चढवून पहाटे निघाले. सराईपालीला चहा झाला, संबलपूरच्या पुढे स्वेटर उतरले, आणि दुसऱ्या दिवशी पुरीला ललिताबाई पहिल्यांदा समुद्रासमोर उभ्या राहिल्या. देवळाच्या रांगेकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, सरळ पाण्याकडे गेल्या. पहिल्याच लाटेने त्यांना लुगड्यासकट खाली बसवलं. त्या अशा खदखदून हसल्या, की धोंडबांनी बायकोचं असं हसू किती वर्षांत ऐकलं नव्हतं. गोपालपूरला सगळ्यांनी वाळूतच बसून तळलेली मासळी खाल्ली. पुढे विशाखापट्टणम करायचं आणि अरकूच्या घाटाने घरी परतायचं, असा बेत होता.

मधल्या एका मुक्कामासाठी विक्कीने मोबाइलवर समुद्राकाठचं एक घर शोधलं होतं. मालक खालीच राहायचा आणि वरच्या खोल्या प्रवाशांना द्यायचा. गावाचं नाव घ्यायचं कारण नाही. तशी गावं पुष्कळ आहेत.

पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नारळाची झाडं, धुतलेलं अंगण, मधोमध तुळस. मालकाने हसून स्वागत केलं, नारळपाणी दिलं. मग विक्कीला म्हणाला, "पूरा नाम क्या हुआ आपका?"

"विक्की."

"वो तो बुकिंग में लिखा है. आगे?" आणि विक्की थबकलेला पाहून तो आणखी गोड हसला. "बुरा मत मानिए. घर की रसोई है, पूजा-पाठ है. इसलिए पूछ लेते हैं."

विक्कीने क्षणभर गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाटील. महाराष्ट्र के पाटील हैं हम."

"अरे, आइए, आइए!"

ललिताबाईंच्या हातातलं नारळपाणी हातातच राहिलं. धोंडबा आपल्या बुटांकडे बघत होते. साक्षीने मान खाली घालून बॅग उचलली आणि सगळे जिना चढले.

खोलीचं दार लागताच ललिताबाई मुलाकडे वळल्या. "काय बोलला तू खाली?"

"आई, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सकाळपासून गाडी चालवून राहिलो मी. सुट्टीचे दिवस, दुसरीकडे कुठी खोली भेटन?"

"म्हनून बाप बदलला?"

"तू नं, प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करते," म्हणत विक्की पलंगावर आडवा झाला.

जेवण खाली, मालकाच्या घराच्या व्हरांड्यात. वरण, भात, वांग्याची भाजी. मालकीणबाई आग्रहाने वाढत होत्या. "लीजिए माँजी, थोड़ा और, माँजी." ललिताबाईंना घास गिळवेना. ते वाढणं, ते माँजी म्हणणं त्यांच्यासाठी नव्हतंच. ते कुठल्याशा पाटलीणबाईसाठी होतं, जी या पृथ्वीवर नव्हती. आणि त्या बाईच्या ताटात आपण चोरासारखं जेवतो आहोत.

तरीही त्या गप्प राहिल्या असत्या. मुलगा दमला होता, हे त्यांना दिसत होतं. पण जेवण झाल्यावर मोनाली अंगणात मालकाच्या मुलीशी खेळायला लागली. त्या पोरीने विचारलं, "तुम्हारा नाम?" आणि मोनालीने दोरीवरची उडी न चुकवता सांगितलं, "मोनाली पाटील."

अडखळली नाही की आजीकडे बघितलंही नाही. एका दुपारीत शिकली होती.

ललिताबाई उठल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. मालकीणबाई नळाखाली हात धूत होत्या.

"बहन, मेरे लड़के ने नाम गलत बताया. हम गजभिये हैं. बौद्ध हैं. भिलाई से आए हैं."

नळ वाहत राहिला. बाईंनी नवऱ्याला हाक मारली. तो आला, ऐकलं, आणि मघाचं सगळं हसू चेहऱ्यावरून पुसल्यासारखं गेलं. "झूठ बोलकर घर में घुसे आप लोग?" त्याने आवाज एवढा चढवला की शेजारचे दोघंतिघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

विक्की जिन्यावरून धावत खाली आला. "सॉरी भैया, सॉरी."

त्या सॉरीने ललिताबाईंना जे लागलं ते मालकाच्या ओरडण्यानेही लागलं नव्हतं. त्यांनी मुलाला हाताने मागे सारलं.

"झूठ बोला, वो हमारी गलती. लेकिन तुमने पूछा क्यों था? आधार देखो, कमरा दो. जात का क्या करना है तुमको?"

"मैंने जात कहाँ पूछी? पूरा नाम पूछा."

"तो ये लो पूरा नाम. गजभिये. अब बोलो, कमरा है कि नहीं?"

मालकाने कुंपणाकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. "अभी... दूसरी पार्टी आ रही है."

"आने दो. हम भी देखते हैं कौन पार्टी है." ललिताबाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठाण मांडून बसल्या.

"आई, चल ना," विक्की रडकुंडीला आला होता. "तमाशा कावून करून राहिली?"

"तमाशा मी करून राहिलो काय?"

मालकाने आता आप-आप करणंही सोडलं. "कमरा खाली करो. और अपनी थालियाँ धोकर रखो."

आणि धोंडबा, गेटवर गरजणारे धोंडबा, व्हरांड्यात अजून तशीच पडलेल्या ताटांपाशी वाकले आणि त्यांनी आपलं उष्टं ताट उचललं. कसंही करून हे एकदाचं मिटावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"विक्कीचे बाबा," ललिताबाई ओरडल्या, "ठेवा ते खाली!"

धोंडबा ताट हातात घेऊन तसेच उभे. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मोनालीकडे. ती दोरी गळ्यात अडकवून भिंतीला चिकटली होती. त्यांनी ताट पुन्हा जमिनीवर ठेवलं, आणि त्यांच्या गळ्यातून तो जुना आवाज निघाला. "थाली तुम्हारी है, तुम धोओ. मेहमान बोलके खिलाया है. उसका जूठा उठाने में घिन आती है, तो ये धंधा बंद करो."

साक्षीने तोवर सगळ्या बॅगा गाडीत टाकल्या होत्या. सासूला हात धरून उठवताना ती हळूच म्हणाली, "चला आई. याच्या घरात बसायची आपल्यालेच काय गरज आहे?"

गाव मागे पडलं. मग विक्कीचा बांध फुटला.

"काय भेटलं तुले? पोरीसमोर हाकललं आपल्याले! तिले समुद्र दाखवायचा होता मले, लढाई नाही. तुमी दोघं जिंदगीभर मोठ्यानं नाव सांगत राहिले. शाळेत माझ्या बाकावर बाजूले कोनी बसत नव्हतं, ते माहीत आहे तुमाले?"

मागच्या सीटवरून ललिताबाई पुढे सरकल्या. "कोन्त्या शाळेत?"

"कोन्त्या म्हनजे? भिलाईत. पाचवीपासून."

हे त्यांना माहीत नव्हतं. आपलं पोरगं रोज भांग पाडून, डबा घेऊन जायचं आणि हसत परत यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. राग मात्र तसूभरही उतरला नाही. त्याला आणखी एक जागा सापडली.

"त्या पोट्ट्याइचे नावं सांग मले."

"आता? तीस वर्षं झाली! काय करशील, घरी जाशील त्याइच्या?"

"जाईन. दोघं-तिघं तरी तिथंच असतील."

साक्षीला हसू आवरेना. विक्की मात्र हसला नाही. त्या दिवशी बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये दोन कोंदट खोल्या मिळाल्या. विशाखापट्टणमचा किनारा मोठा देखणा होता. मोनालीने पोटभर पोहून घेतलं. विक्कीने आईचे फोटो काढले, पण तिच्याशी शब्द बोलला नाही. अरकूचा घाट, कोरापूट, जगदलपूर, सगळा रस्ता तसाच गेला. मोनालीला मात्र ललिताबाईंनी घाटात जवळ बसवून सांगितलं, "आपलं आडनाव गजभिये. कोनी विचारलं की हेच सांगायचं."

"मग पप्पा पाटील का बोलले?" मोनालीने विचारलं.

गाडी चालवणाऱ्या विक्कीच्या मानेकडे बघत ललिताबाई म्हणाल्या, "भेले होते. मानूस भेते कधीकधी."

विक्कीने आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्त्यावर नजर लावली.

घरी आल्यावर आठवडाभराने एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. हातात मोबाइल. "मी लिहिलं होतं तिथं, बुकिंगच्या साइटवर," तो म्हणाला. "सगळं. आपन खोटं बोललो ते पन. खाली पूरं नाव टाकलं."

"मंग?"

"त्याइनं काढून टाकलं. नियमात बसत नाही म्हने. आणि हे पाठवलं, वाच."

ललिताबाईंनी चष्मा लावला. झालेल्या असुविधेबद्दल खेद होता. पुढच्या बुकिंगवर सूट होती. खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र होतं, आणि साइटवर त्या घराच्या रेटिंगचे तारे जिथल्या तिथे लखलखत होते.

"असुविधा?" त्यांनी गॅस बंद केला. "नळाले पानी नव्हतं काय तिथं? गादी टोचत होती? असुविधा म्हनतात याले?"

"तेच म्हटलं मी," विक्की म्हणाला. त्याचाही आवाज कापत होता, आणि तो रागाने कापत होता, हे बघून ललिताबाईंना बरं वाटलं.

"दुसरं लिही."

"ते पन काढतील आई."

"काढू दे. मंग तिसरं लिहू. तू बस इथं. मी सांगतो."

विक्कीने स्टूल ओढलं. ललिताबाई सांगायला लागल्या, आणि त्यांचा आवाज असा चढत गेला की कुंपणापलीकडून शेजारच्या गिरजाबाईंनी घाबरून विचारलं, "का होगे बहिनी?"

"या, तुमीपन या," ललिताबाईंनी खिडकीतून हाक दिली. "तुमालेपन सांगतो काय झालं ते."