टीव्हीच खराब आहे

भाविकाने टीव्हीच्या मागे हात घालून पेनड्राइव्ह काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, त्यावर फुंकर मारली आणि दुसऱ्या खाचेत घातला. पडद्यावर पुन्हा तेच आलं. करड्या चौकटी, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीखाली आकड्यांचं लांबलचक नाव. तिने रिमोटने एक चौकट उघडली. मधोमध चक्र फिरलं, थांबलं, आणि पाटी आली: ही फाइल दाखवता येत नाही.

"आबा, एकही उघडत नाहीये."

शालिग्राम खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा होता. पाहुण्यांसाठी माठ भरून ठेवायला म्हणून तो उठला होता, पण हातातला गडवा रिकामाच होता. त्या करड्या चौकटी पाहिल्या आणि त्याला कळलं, फोटो गेले. वर्षभर त्याने ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

"लाइन कमी असीन," तो म्हणाला. "संध्याकायी येईन बरोबर."

"लाइन कमी असती तर टीव्ही लागलाच नसता, आबा."

उद्या त्याच्या बायकोचं, सुगंधाबाईचं, वर्षश्राद्ध होतं. मुलाने, तेजसने, पुण्याहून हा टीव्ही त्यासाठीच पाठवला होता. जेवणं झाली की सगळ्यांना बैठकीत बसवायचं आणि आईचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे, ही त्याचीच कल्पना. तो स्वतः पहाटेपर्यंत पोहोचणार होता. लेक भाविका जळगावहून, मेहरूणच्या घरून, आपल्या लहान मुलीला घेऊन कालच आली होती. आणि सुगंधाबाईची धाकटी बहीण ताईबाई शिरपूरहून सकाळच्या गाडीने आली होती. आल्यापासून ती चष्मा लावून टीव्हीसमोर बसून होती.

"बठ्ठा फोटो कथा ग्यात?" तिने अहिराणीत विचारलं, सगळे फोटो कुठे गेले म्हणून. "टीव्ही बिघडेल शे का?"

"मावशी, तू एवढी वर्षं तिकडे राहून पार तिकडचीच झालीस," भाविका म्हणाली.

"मंग काय करू? नवरा तिकडला, सासू तिकडली, म्हशीसुद्धा तिकडल्या. इकडचं कोणाशी बोलू?" ताईबाईने टीव्हीकडे बोट केलं. "दाजी, तुम्ही त्याला एक ठोसा लावा. आमचा जुना टीव्ही ठोसा खाल्ल्याशिवाय चित्र दाखवत नव्हता."

शालिग्राम हसला. हसू ओठांवरच राहिलं.

भाविकाने तेजसला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. तेजस एकेक सांगत गेला, ती एकेक करत गेली. टीव्ही बंद करून चालू केला. मागची वायर काढून पुन्हा लावली. सेटिंगमध्ये जाऊन नवं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं, त्यात चहा होऊन गेला. मग तिने स्वतःच्या फोनमधला एक फोटो बिनवायरचा टीव्हीवर पाठवला. तिची मुलगी पडदाभर दिसली, तोंडाला वरण लागलेली. ताईबाईने कडाकडा बोटं मोडून लांबूनच तिची दृष्ट काढली.

"म्हणजे पडदा चांगला आहे," तेजस म्हणाला. "पेनड्राइव्हची खाच खराब दिली त्यांनी. दोन्ही खाचा. मी दुकानवाल्याला सोडत नाही. आबा, तुम्ही नका टेन्शन घेऊ. तुम्ही फोटो जपून ठेवले हेच खूप झालं."

"हो," शालिग्राम म्हणाला.

सुगंधाबाईला फोनचा नाद होता. अंगणातले पापड, गाईचं वासरू, मुक्ताईच्या देवळाचा कळस, जे दिसेल त्याचा ती फोटो काढी. कोणाला पाठवायची मात्र नाही. नेट संपतं, म्हणायची. भाविकाच्या बाळंतपणात ती महिनाभर मेहरूणला जाऊन राहिली, तेव्हा कॅमेरा उलटा करून नातीला मांडीवर घेऊन तिने कितीतरी फोटो काढले. भाविकाच्या फोनमध्ये त्या दिवसांतली फक्त पोर होती. आईचा कुठे हात दिसे, कुठे पदराचा काठ. आईचं तोंड होतं ते आईच्याच फोनमध्ये, त्यातल्या नखाएवढ्या कार्डात.

ते कार्ड शालिग्रामने काढून आपल्या फोनमध्ये घातलं होतं. ती गेल्यावर लगेचच. त्याच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती आणि त्याला जागा हवी होती. कशासाठी हवी होती, ते तो सहसा आठवत नसे. फोनने काहीतरी विचारलं, त्याने हो दाबलं. फोनने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा हो दाबलं. कार्ड कोरं झालं, हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं. मुक्ताईनगरच्या मोबाइलवाल्याने होतं नव्हतं ते काढून पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं आणि म्हणाला, "आबा, नावं तर आली. आत काय उरलं ते घरी बघून घ्या." शालिग्रामने ते बघितलं नाही. पोरांना त्याने एवढंच सांगितलं की आईचा फोन बंद पडला, पण फोटो मी काढून ठेवले. तेजस तेव्हा म्हणाला होता, आबा, तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार निघाले.

दुपार चढली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं आणि कूलरमधलं पाणी संपलं होतं. शालिग्रामने त्यात बादली ओतली. भरलेला होता तरी आणखी एक ओतली. पाणी फरशीवर आलं तेव्हा ताईबाई म्हणाली,

"बसा हो दाजी. तुम्हाले सुचत नाही ते माले समजस." तिने डोळ्यांना पदर लावला. "मनी बहीण भाग्याची. मी तर आमच्याकडे बठ्ठ्यांना सांगते. द्वारदर्शनाच्या दिवशी माणसं दुखवट्याला ओट्यावर येऊन बसली, आणि घरधनी कुठे, तर एकटाच नदीवर, तिला जाळलं त्या जागेजवळ जाऊन बसला. असा नवरा पाहिला नाही. सांग ना भाविका, तूच पाय धुतले ना आबांचे?"

"हो," भाविका रिमोट दाबत म्हणाली. "गुडघ्यापर्यंत चिखल होता."

ही गोष्ट भाविकानेच सगळ्यांना सांगितली होती. त्या दिवशी तिने आबांना घरभर शोधलं, गोठ्यात पाहिलं, आणि ते मागच्या दाराने चिखलाच्या पायांनी आले तेव्हा कुठे गेला होता असं विचारलंही नाही. तिला ते कळल्यासारखं वाटलं. तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि रडली. पुढे ती गोष्ट गावात गेली, पाहुण्यांत गेली, धुळ्या-शिरपूरपर्यंत गेली. शालिग्रामच्या समोर ती कितीदा सांगितली गेली. प्रत्येक वेळी तो मान खाली घाली, आणि मान खाली घातली की गोष्ट आणखी खरी वाटे.

ताईबाई स्वयंपाकघरात गेली. उद्याच्या पुरणाची डाळ निवडायची होती. तेजस पुन्हा फोनवर आला होता, त्याच्याकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. दुकानवाल्याला तक्रार लिहीत असावा.

भाविका आता एकेक चौकट उघडत नव्हती. तिने बाण दाबून धरला होता आणि चौकटी झरझर वर सरकत होत्या. करडी, करडी, करडी. नुसती नावं. मग एकदम तळाशी हिरवा रंग आला.

तिने बोट उचललं. शेवटच्या ओळीत तीन चौकटींत चित्रं होती. तिने पहिली उघडली.

केळीचा घड. पडदाभर. कापणीला आलेला, फण्या भरलेल्या, टोकाला वाळलेलं फूल. घडाला लावून एक हात धरलेला होता, वीत पसरलेली, म्हणजे व्यापाऱ्याला फळाची लांबी कळावी. मोठ्या पडद्यावर हाताच्या रेषासुद्धा दिसत होत्या. दुसऱ्या फोटोत तोच हात, दुसरा घड. तिसऱ्यात बागेची ओळ होती, पाटात पाणी सोडलेलं, चिखल, आणि चिखलावर माणसाची सावली, खांद्यावर टॉवेल टाकलेली.

खाली बारीक अक्षरांत तारीख होती.

भाविका पडद्याच्या जवळ गेली. तिने तारीख वाचली. द्वारदर्शनाची तारीख तेव्हा पेपरात छापून आली होती, आणि पेपरवाल्यांना तो मजकूर तिनेच सांगितला होता. ही तीच तारीख होती. तिची पाठ बापाकडे होती.

शालिग्रामला म्हणायचं होतं, बाग पिकायला लागला होता. म्हणायचं होतं, सुतकात मळ्यात जाऊ नये हे मले समजत नव्हतं का, पण व्यापारी म्हणे फोटो पाठवा तर आजच गाडी लावतो, नाहीतर पुढच्याकडे जातो, आणि फोनात जागा नव्हती. आणि माल उन्हात पिवळा पडला की कोणी उचलत नाही. म्हणायचं होतं, तुझी आईसुद्धा म्हणाली असती, जा. हे शेवटचं त्याने वर्षभरात स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिचं वाक्य आहे की आपलं, हे त्याला आता ठरवता येत नव्हतं.

"आलं का गं काही?" फोनमधून तेजसचा आवाज आला. "भाविका? दिसलं का एखादं तरी?"

भाविकाने रिमोट दाबला. घड गेला, करड्या चौकटी आल्या. तिने आणखी एकदा दाबला आणि पडदा काळा झाला.

"नाही," ती म्हणाली. "काहीच उघडत नाही. टीव्हीच खराब आहे."

तिने फोन ठेवला. पेनड्राइव्ह काढून हातात घेतला, त्याचं टोपण लावलं. मग खाली बसून ती फरशीवरचं पाणी फडक्याने टिपू लागली.

"आबा."

"काय माय?"

"त्या वेळचा माल चांगला गेला का?"

शालिग्रामने कूलरजवळची बादली बाजूला सरकवली.

"गेला," तो म्हणाला.

"बरं झालं," भाविका म्हणाली आणि फडकं पिळायला मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. पाहुणे जेवले, बैठकीत आले, टीव्हीसमोर बसले, आणि टीव्ही बिघडला म्हटल्यावर थोडा वेळ कंपन्यांना नावं ठेवत राहिले. तेजस सगळ्यांना सांगत होता, बदलून आणतो, दिवाळीला या, तेव्हा नक्की दाखवतो. टीव्हीखालच्या स्टुलावर सुगंधाबाईची तसबीर होती. एका लग्नातल्या फोटोतून कापून मोठी केलेली. खांद्यावर दुसऱ्याच कोणा बाईची बोटं राहून गेली होती.

मग ताईबाईने नदीची गोष्ट काढली. द्वारदर्शन, ओट्यावरची माणसं, इथपर्यंत ती आली आणि नेहमीसारखी भाविकाकडे वळली, कारण पाय धुतल्याचं पुढे भाविका सांगत असे.

"सांग ना," ताईबाई म्हणाली.

"कोणाला पाणी हवंय का?" भाविकाने विचारलं, आणि तांब्या घेऊन उठली.

शालिग्रामने सवयीने मान खाली घातली होती. त्याने ती वर केली. सगळे त्याच्याकडेच पाहत होते, मायेने. तो काही बोलेल म्हणून एक म्हातारा नातेवाईक कानाला हात लावून पुढे झुकलासुद्धा. शालिग्रामने त्याला विचारलं, "भात घेतला ना पोटभर?"

संध्याकाळी भाविका जळगावला गेली. निघताना ती पाया पडली, नेहमीसारखी. पेनड्राइव्ह तिने आपल्या पर्समध्ये टाकलेला त्याने पाहिला. त्यानंतर तिचे फोन रोज येतात. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं ती विचारते. तेवढ्याची उत्तरं तो देतो.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन टीव्ही तपासून गेला. त्याने त्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह दोन्ही खाचांत लावून पाहिला, सगळं दिसलं. टीव्ही चांगला आहे, असं त्याने सांगितलं. तेजसला हे सांगायचं राहिलं आहे. भाविकालाही शालिग्रामने अजून काही सांगितलेलं नाही.