झाकण लावलेला रिकामा डबा

मित्रांनो, माझ्यातली कॉफी संपली त्याला आता तुमच्या आईवडिलांच्या वयाइतकी वर्षे झाली असतील, तरी लोक मला अजून कॉफीचा डबाच म्हणतात. मी एक जुना, लाल, पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटावर वाफाळत्या कपाचे चित्र होते. आता कप गेला आहे आणि वाफ तेवढी उरली आहे. कॉफीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे मी दुसरेच काही पोटात सांभाळले. ते काय होते, आणि एका वर्षी ते माझ्या पोटात का नव्हते, एवढीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म एका मोठ्या तळ्याकाठच्या कारखान्यात झाला. पोलादाचा पातळ पत्रा वळवून, सांधून, रंगवून मला उभे केले. शेजारी माझ्यासारखे हजारो भाऊ होते आणि सगळे चकचकीत होते. नव्या पत्र्याला वाटते की आपण असेच राहणार. पुढे आगगाडीने मी अमेरिकेच्या डोंगराळ मोंटाना राज्यात आलो. तिथल्या एका लहान गावातल्या दुकानात व्हर्ना हाउगेनने मला फळीवरून उचलले. तिचे नुकतेच लग्न झाले होते.

व्हर्ना आणि तिचा नवरा ऑरिन गुरे पाळत आणि गवत पिकवत. उन्हाळ्याच्या शेवटी गवत कापून, त्याचे गठ्ठे बांधून झाले, की डोंगरावरची गुरे खाली आणण्याआधी त्यांना थोडी सवड मिळे. तेव्हा ते तंबू घेऊन जवळच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जात. झऱ्यातले मासे तळायचे, रानातली निळी बोरे खायची, उघड्यावर कॉफी उकळायची. त्यांचा सण म्हणजे हाच.

ऑरिनजवळ त्याच्या वडिलांचे एक जुने पिस्तूल होते. त्या रानात अस्वले होती. पिस्तुलाशिवाय डोंगरात जाणे ऑरिनला अनवाणी जाण्यासारखे वाटे. व्हर्नाला मात्र ते डोळ्यांसमोर नको असे. त्या जुन्या घडणीत एक खोड होती. काडतूस फोडणारा मागचा घोडा थेट काडतुसावरच टेकलेला असे, त्यामुळे चाप ओढायचीही गरज नसे. घोड्यावर नेमका ठोका बसला की पिस्तूल उडे.

पहिल्याच वर्षी, सामान भरताना व्हर्ना म्हणाली, "मी लग्न तुझ्याशी केलंय, त्याच्याशी नाही. माझ्या अंथरुणात भरलेलं पिस्तूल चालायचं नाही."

"अगं, पण अस्वल आलं तर?"

"तर ते तुला खाईल. मी हळू पळते, पण तुझ्यापेक्षा जोरात."

ऑरिन हसला, पण तिने हट्ट सोडला नाही. शिवाय उद्यानाचा नियम तिच्या बाजूने होता. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत जाताना हत्यार रिकामे करून बांधून ठेवावे लागे. वाटेत एक राज्य उद्यान लागायचे. तिथे आम्ही जेवायला थांबत असू, आणि तिथे भरलेले पिस्तूल चालत असे. डोंगर तोच होता, पण सीमेच्या खांबाअलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा.

"अस्वलाला माहीत आहे का, तो खांब कुठे आहे ते?" ऑरिन दर वर्षी विचारी.

"अस्वलाला नसेल. तुला आहे ना?" व्हर्ना दर वर्षी म्हणे.

मग फाटकाच्या अलीकडे, एका वाकड्या पाइनच्या झाडाखाली गाडी थांबे. व्हर्ना मला मांडीवर घेऊन झाकण उघडी. ऑरिन एकेक काडतूस काढून माझ्यात टाकी. टण्. टण्. टण्. रिकाम्या पत्र्याचा तो आवाज गाडीभर घुमे. शेवटचा आवाज झाला की व्हर्ना झाकण घट्ट लावी आणि मग तिचे खांदे सैल पडत. मला तिच्या मांडीवरून ते कळत असे.

पुढे त्यांना मारित नावाची मुलगी झाली. तीन-चार वर्षांची असतानाच तिने त्या आवाजाला नाव दिले. शेवटचे काडतूस पडले की मागच्या सीटवरून ती ओरडे, "डबा जेवला!" आणि डबा जेवल्याशिवाय गाडीतून कोणी खाली उतरायचे नाही, असा त्या घराचा रिवाज पडला. मित्रांनो, मी साधा पत्र्याचा डबा, पण एका अख्ख्या कुटुंबाचा मुक्काम माझ्या आवाजाने सुरू होत असे. याहून मोठा मान मी कधी मागितला नाही.

मुक्कामाच्या जागी अस्वलांपासून अन्न राखायला लोखंडी पेटी असे. तिच्यात मैद्याच्या पिशवीशेजारी माझी जागा ठरलेली होती. पिस्तूल गाडीतच ठेवा असे नियम सांगे. ऑरिन ते लोकरी मोज्यात गुंडाळून उशाशी घेई. ही सवलत सरकारने दिलेली नव्हती, व्हर्नाने दिली होती. "रिकामं असलं की ते अक्रोड फोडायच्याही कामाचं नाही," ती म्हणे. "झोप त्याला घेऊन."

सकाळी ऑरिन झऱ्यावर जाई आणि व्हर्ना अंथरुणे झटके. तंबूत पाइनच्या सुया येत, मुंग्या येत. घोंगडीची दोन टोके धरून ती बाहेरच्या दगडावर फाडकन झटकायची तिची पद्धत होती. कधी घोंगडीच्या घडीतून तो मोजा ठणकन दगडावर पडे. "तुझी बायको पडली बघ," असे ओरडून ती त्याला लाथेने बाजूला सारी. तिला भीती नव्हती. ती बेफिकीरही नव्हती, कारण तिने आवाज ऐकलेला असे आणि झाकण स्वतःच्या हाताने लावलेले असे.

अशी खूप वर्षे गेली. मारित मोठी झाली, गावातल्या शाळेत शिकवू लागली. ऑरिनचे गुडघे दुखू लागले. माझ्या तळाला गंजाचे पहिले ठिपके दिसू लागले.

मग दूर राजधानीत कायदा बदलला. त्या उन्हाळ्यात आम्ही दोन गाड्यांनी निघालो. मारितने नवी छोटी गाडी घेतली होती आणि आईला तिच्यात बसून यायचे होते. मी ऑरिनच्या शेजारी, व्हर्नाच्या रिकाम्या जागेवर होतो. मायलेकींची गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. पाइनच्या झाडाखाली ऑरिनने गाडी थांबवली नाही. थेट फाटकाशी गेला. तिथे वनरक्षक प्रुइट बाई होत्या. त्या हाउगेन मंडळींना कितीतरी वर्षे ओळखत होत्या.

"बाई, ऐकलं ते खरं का?" ऑरिनने विचारले.

"खरं आहे. आता आतही राज्याचाच कायदा. भरलेलं बाळगलं तरी चालेल. पण उडवायचं नाही, आणि आमच्या कार्यालयात घेऊन यायचं नाही."

"शेवटी शहाणे झाले म्हणायचे!"

"शहाणपणाचं मला विचारू नका, मी फक्त फाटक उघडते." मग त्या खिडकीशी वाकल्या. "ऑरिन, वर झऱ्याकडे गेल्या आठवड्यात अस्वलाने एक तंबू फाडलाय. तिखटाचा फवारा जवळ ठेवा, तो पिस्तुलापेक्षा बरा. आणि भरलेलंच ठेवणार असाल, तर घरच्यांना तेवढं सांगा. त्यांना जुनी सवय आहे."

"हो हो, सांगतो."

तो सांगणारही होता, असे मी आजही मानतो. पण व्हर्ना काय म्हणेल ते त्याला पाठ होते. आल्या आल्या भांडण नको, संध्याकाळी जेवण झाल्यावर सांगू, असे त्याने ठरवले असावे. मुक्कामावर पोहोचल्यावर त्याने सवयीने मला उचलले आणि पेटीत मैद्याच्या पिशवीशेजारी ठेवले. माझे झाकण घट्ट लावलेले होते. आत काही नव्हते.

तंबूच्या खुंट्या ठोकताना मारितने विचारले, "बाबा, डबा जेवला ना?"

ऑरिन दोरीची गाठ मारत होता. त्याने वर पाहिले नाही. "डबा जागेवर आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. मी खरोखरच जागेवर होतो.

व्हर्नाने पलीकडून हाक मारली, "काय गं, झालं का डब्याचं?"

"हो आई, झालं," मारित म्हणाली.

तरीही व्हर्ना पेटीपाशी आली. तिने मैदा काढला, आणि तिची नजर माझ्यावर पडली. मी ठरल्या जागी होतो, झाकण घट्ट. तिचे खांदे सैल पडले. त्या क्षणी ती मला नुसते उचलती, तरी माझ्या हलकेपणाने तिला सगळे कळले असते. मी ओरडू शकलो असतो, तर साऱ्या डोंगराला ऐकू गेले असते. पण डबा आपणहून वाजत नाही. कोणीतरी त्यात काही टाकावे लागते.

संध्याकाळी जेवणानंतर मारित शाळेतल्या गमती सांगत बसली. तिघे इतके हसले की ऑरिनला हवी ती वेळ सापडलीच नाही.

सकाळी तो झऱ्यावर गेला. मारित माझ्या पेटीजवळ धिरडी करत होती. व्हर्नाने घोंगडीची दोन टोके धरली आणि दगडावर झटकली. मोजा घडीतून निसटला आणि दगडावर पडला.

आवाज झाला तेव्हा पेटीच्या लोखंडाबरोबर मीही थरथरलो.

सकाळच्या फेरीवर निघालेल्या प्रुइट बाई धावत आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी व्हर्नाच्या मांडीवरची जखम दाबून धरली. जवळच कुठे वणवा लागला होता. धुरामुळे हेलिकॉप्टर येईना, आणि रुग्णवाहिकेला तो सगळा घाट चढून यायचा होता. ऑरिन हातातल्या माशांसकट धावत आला आणि गुडघ्यांवर बसला.

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला फक्त समजत नव्हते.

"ऑरिन," ती म्हणाली, "डबा जेवला नव्हता का रे?"

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. थोड्या वेळाने उत्तराची गरजही उरली नाही.

शेरीफ आला. त्याने सगळ्यांना विचारले, सगळे लिहून घेतले. तो ऑरिनला लहानपणापासून ओळखत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू कायदा मोडला नाहीस, ऑरिन. भरलेलं बाळगायची तुला परवानगी होती. हा अपघात आहे."

"परवानगी सरकारची होती," ऑरिन म्हणाला.

पिस्तूल त्याने परत घेतले नाही. उरलेली काडतुसे मात्र शेरीफने एका पिशवीत घालून दिली. घरी आल्यावर ऑरिनने मला गाडीच्या शेडमधल्या फळीवर ठेवले, झाकण उघडले आणि एकेक काडतूस माझ्यात टाकले. टण्. टण्. आवाज पूर्वीसारखाच आला, फक्त शेवटचा एक कमी होता. त्याने सगळी काढली आणि पुन्हा टाकली. पुन्हा काढली.

पुढे तो रोज संध्याकाळी तेच करू लागला. एकदा मारित दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, पुरे करा. स्वयंपाकघरात ऐकू येतं."

"येऊ दे."

"मी आईला 'हो' म्हटलं. ठाऊक आहे ना तुम्हाला? शेवटी माझ्याच तोंडून 'हो' गेलं. तुम्ही म्हणाला नाहीत, मला म्हणायला लावलंत."

ऑरिनच्या हातातले काडतूस तसेच राहिले. "संध्याकाळी सांगणार होतो गं," तो म्हणाला.

"कुठल्या संध्याकाळी?" मारित म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर ती त्याला जेवायला वाढे, त्याची औषधे आणून देई, पण त्याच्याशी बोलत नसे. उन्हाळे आले आणि गेले. तंबू माळ्यावर पडला आणि उंदरांनी त्याची जाळी केली. ऑरिनचे हात कापू लागले. काडतुसे माझ्याऐवजी जमिनीवर पडू लागली आणि ती उचलायला त्याला वाकता येईना. एका हिवाळ्यानंतर तो शेडमध्ये यायचा थांबला. घरात खूप माणसे येऊन गेल्याचे आवाज ऐकू आले, मग तेही थांबले.

मारितने घरातले जुने सामान विकायला अंगणात मांडले, तेव्हा मला उचलले. क्षणभर मला वाटले, आता ती झाकण उघडेल. तिने तसेच मला पुन्हा फळीवर ठेवले आणि शेडचे दार ओढून घेतले. मी विकलाही गेलो नाही आणि टाकलाही गेलो नाही. माझा तळ आता गंजून चाळणी झाला आहे. कोणी काही टाकलेच तरी टण् असा आवाज येणार नाही. ते सरळ आरपार जाईल.

मित्रांनो, उद्या तुम्हीही तंबू घेऊन रानात जाल. फाटकावरचे नियम वाचाल. ते बदलत राहतील, कधी कडक होतील, कधी सैल. ते जरूर पाळा. पण तुमच्या घरातले कोणी जुन्या नियमावर विसंबून निर्धास्त झोपलेले असेल, तर त्याला आधी उठवा आणि सांगा. भांडण झाले तर होऊ द्या. संध्याकाळची वाट पाहू नका. मला तुम्ही घासूनपुसून ठेवले नाहीत तरी चालेल, माझे दिवस गेले. माझे मागणे एवढेच आहे, की डबा रिकामा असेल, तर त्याचे झाकण उघडे ठेवा.