दसऱ्याची दाढी

हिम्मतरावांचा धाकटा मुलगा उदय पोराबाळांचा बाप झाल्यावर दाढी करायला शिकला, असं गौलीगुड्याच्या मोहल्ल्यात कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तशी दाढी तो कॉलेजपासून करतच होता, पण पात्याच्या रेझरनं. आता शिकायचा होता आबांचा, म्हणजे वडिलांचा, उघडा वस्तरा. तोही अशा दिवसांत, जेव्हा परदेशी कंपन्यांचे रंगीत रेझर पानटपरीवर माळेनं लटकायला लागले होते. वापरा आणि फेका. "जग पुढं चाललंय आणि तुम्ही उलट्या पावली," असं त्याची बायको रेणू म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण कारण तसंच होतं. आबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. उभ्या जन्मात त्यांनी न्हाव्यापुढं मान वाकवली नव्हती, आणि आता स्वतः करायला गेले की हनुवटी रक्ताळायची. शेवटी आईच कात्रीनं खुंट कापून द्यायची. श्रावणातल्या एका सकाळी आबांनी उदयला जवळ बसवलं. "तू शीक. पहिलं सोताच्या तोंडावर. बिनरक्ताची जमली, की दसऱ्याला माझी दाढी तू करायची."

उदय नुसता हरखला. या घरात काचेचा ग्लाससुद्धा त्याच्या हाती कुणी विश्वासानं दिला नव्हता. धांदरट, वेंधळा, हातातून सांडणारा म्हणजे उदय. हुशार, नेटका म्हणजे थोरला विकास. तो विकास पुण्याला कंपनीत बसला होता, आणि आईबापाची दुखणीखुपणी मात्र या वेंधळ्याच्या पदरात होती. अशा पोराला बापानं आपला गळा देऊ केला होता. याहून मोठी इस्टेट उदयला नको होती.

पहिल्याच दिवशी त्यानं खिडकीच्या गजाला बांधलेला, धार लावायचा चामड्याचा पट्टा कापला. पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा आणि परत फिरवताना पाठीवरच उलटायचा. यानं धारेवर उलटला. "हल्लू रे, हल्लू! भाजी नक्को चिरू!" आबा खुर्चीतून ओरडले. मग गरम पाण्याचा टॉवेल, मग ब्रशनं घट्ट फेस. पातं गालावर जवळजवळ आडवं ठेवायचं, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, केस वळतील तिकडंच उतरायचं. आडवा हात सरकला की संपलं. उदयचा सरकला. कुकटपल्लीच्या कारखान्यात तो गालावर कागदाचे कपटे चिकटवून गेला तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, "घरवालीनं मारा क्या?"

गाल जमले, कल्ले जमले, मिशीची कड जमली. हनुवटीचा खड्डा आणि गळ्याची घाटी यांनी मात्र दमवलं. घाटीशी आवंढा गिळून श्वास रोखायचा, तेवढ्यात पातं उतरवायचं. तुरटी झोंबायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण उदय हटला नाही. दर रविवारी आबा त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवायचे आणि मान हलवायचे. नवरात्र बसेपर्यंत तुरटी कोरडीच राहायला लागली. "हौ, आता बसला हात," असं आबा म्हणाले त्या दिवशी उदयनं सगळ्या घराला मिठाई आणली.

खंडेनवमीला त्यानं वस्तरा घासूनपुसून देव्हाऱ्यापुढं मांडला. विळी, कात्री, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध झेंडूच्या फुलात वस्तरा. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा घरचा रिवाज. मग तो कारखान्यात मशीनच्या पूजेला गेला. विकास दुपारच्या गाडीनं येणार होता.

संध्याकाळी कपाळाला कुंकू आणि हातात नारळाची वाटी घेऊन उदय घरी आला, तेव्हा बैठकीत भुंग्यासारखी गुणगुण चालली होती. आबा खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटून बसले होते आणि विकास त्यांच्या गळ्यावरून एक काळं, चकचकीत मशीन फिरवत होता. आबांचे दोन्ही गाल गुळगुळीत झाले होते.

"बघ रे, इम्पोर्टेड!" विकास म्हणाला. "ना पाणी, ना साबण."

उदयनं नारळाची वाटी खाली ठेवली. "आबा, उद्याचं ठरलं होतं ना आपलं?"

"वस्तरा पूजेत हाय ना," आबा डोळे न उघडताच म्हणाले.

"उद्या निघालाच असता की. एक रात्र थांबायचं होतं."

विकास हसला. त्याच्या पोटात काही राहत नसे. "अरे, गणपतीतच आबांचा फोन आला होता. म्हणाले, तसलं मशीन घेऊनच ये."

गणपतीत! म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी गळ्यावरून बोटं फिरवणारा, हात बसला म्हणणारा हा माणूस मनात पुण्याच्या गाडीची वाट बघत होता.

"मग मला शिकवलं कशाला?"

आता आबांनी डोळे उघडले. "शीक म्हटलं मीच, मग तुझी हौस कैकू मोडू? पर तुझ्या हातात गळा द्यायचा म्हटलं की मला झोप येईना, बेटा. खरं सांगतो."

खोटं सांगितलं असतं तरी उदयनं मानलं असतं. या खऱ्यानं त्याचा गळा कापला. तो न जेवता झोपला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरल्यावर त्यानं वस्तरा उचलला, पट्ट्यावर ओढला, फेस केला आणि दार लावून घेतलं. हात जराही हलला नाही. न्हाऊन, नवा शर्ट घालून, आपट्याची पानं घेऊन तो बैठकीत आला. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती किंचाळली. उदयचा वरचा ओठ उघडा होता.

"अरे मेल्या, मिशी काढलीस? बाप जिवंत हाय तुझा!"

विकासच्या हातातला चहा तसाच राहिला. ज्या घरात बाप गेल्यावरच मुलाची मिशी उतरते, त्या घरात हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आबा त्या उघड्या ओठाकडं बघत राहिले.

"कुणाचं सुतक रे हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापुरतं आहे, आबा," उदय म्हणाला. वाकून त्यांच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं, त्यांच्या ओंजळीत पानं घातली आणि म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."