नम्रतानं भरलेला फॉर्म

भाग्यश्रीच्या हनुवटीवर अजूनही दाट केस येतात हे फक्त तीन माणसांना माहीत होतं. ती स्वतः, तिची आई सुंदरा आणि नम्रता.

नम्रता त्यांच्याच कडाव गावातली, मागच्या आळीतली. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. नववीत वर्गातल्या कुणीतरी फळ्यावर मिशीवाली बाई काढून खाली भाग्यश्रीचं नाव लिहिलं, तेव्हा नम्रतानं उठून फळा पुसला होता आणि पोरांकडे वळून असं काही बोलली होती की पुढं वर्षभर कुणाची हिंमत झाली नाही. त्याच आठवड्यात तिनं शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि भाग्यश्रीच्या हनुवटीवर पहिल्यांदा फिरवला. दोघींनाही काही येत नव्हतं. एकीच्या डोळ्यांतून पाणी आणि दुसरीला हसू आवरत नाही, अशी गत.

पुढं नम्रतानं पार्लरचा कोर्स केला. हात बसला. दर पंधरा-वीस दिवसांनी ती मागच्या दारानं यायची आणि आतल्या खोलीची कडी लावून काम करायची. मधल्या दिवसांत भाग्यश्री रेझर फिरवायची. दूध संकलन केंद्रात ती फॅट तपासायला बसायची, पहाटे साडेपाचला गवळ्यांची रांग लागायची, त्याआधी आरशासमोर दहा मिनिटं जायचीच. दहा वर्षांत नम्रताला तिचं काय माहीत नव्हतं? पाळी दोन-दोन महिने येत नाही, कधी आली की पंधरा दिवस थांबत नाही, मुरुमांसाठी मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणते, सगळं.

गेल्या श्रावणात भाग्यश्रीचं लग्न ठरलं. नवनाथ खालापूरकडचा, खोपोलीच्या एका कंपनीत सुपरवायझर. घरात सहा माणसं आणि बाथरूम एक. भाग्यश्रीला दुसरी कसली भीती नव्हती. पण त्या घरात सकाळी रेझर कुठं लपवायचा, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"लपवायचा कशाला? केसच ठेवू नको," नम्रता म्हणाली. ती सात महिन्यांपासून शिळफाट्यावरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये कामाला होती. "आमच्याकडं लेझरचं नवीन मशीन आलंय. सहा-सात बैठका झाल्या की विषय संपला. मी हाय ना तिथं."

मी हाय ना तिथं, एवढं भाग्यश्रीला पुरलं.

भातकापणी आणि झोडणी उरकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शिळफाट्याला गेली. तीन आठवडे उन्हात काढल्यामुळं मुळातला सावळा चेहरा रापून गडद झाला होता. क्लिनिकमध्ये एसी होता, भिंतीवर गोऱ्यापान बायांचे फोटो होते.

"डॉक्टर कुठायत?" तिनं विचारलं.

"गुरुवारी येतात. मशीन मीच चालवते." नम्रतानं दोन पानी फॉर्म पुढं केला. "खाली सही कर फक्त. वरचं मी भरते, तुझं सगळं पाठ हाय मला."

भाग्यश्रीनं सही केली. कोऱ्या रकान्यांकडं पाहिलंसुद्धा नाही.

डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर गार जेल. मग पहिला झटका बसला. फोडणीचं तेल उडावं तसं चरकलं. जळक्या केसांचा वास आला.

"लई लागतंय गं."

"तिथं लागतंच. सहन कर, दहा मिनिटांचं काम."

तिनं सहन केलं. नम्रताचाच हात होता ना.

संध्याकाळपर्यंत हनुवटी आणि जबड्याची एक बाजू सुजून लाल झाली. सकाळी उठली तर फोड. फोडांच्या मधे मधे चौकोनी तपकिरी ठसे, मशीनच्या टोकाच्या मापाचे, एकाशेजारी एक. तिनं फोटो काढून नम्रताला पाठवला. "कोरफड लाव, जाईल," एवढंच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी फोड फुटले, तेव्हा नम्रताचा फोन लागेना. रिंग जायची आणि कट व्हायची.

सुंदरानं तिला ओढणीनं तोंड बांधून कर्जतला नेलं. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. माधवी दामले वयस्क होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"भाजलंय. मलम देते, बरं होईल. डाग मात्र काही महिने राहतील. आता सांग, किती दिवस उन्हात होतीस?"

"तीन आठवडे. कापणी होती."

"शेवटचा दोरा कधी फिरवला?"

"आदल्या पंधरवड्यात."

"पाळी?"

भाग्यश्रीनं सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघ, लेझर केसाच्या काळ्या रंगाला पकडतं. कातडीच काळवंडलेली असेल तर ते कातडीला पकडतं. म्हणून सावळ्या माणसाला वेगळं मशीन, कमी ताकद लागते, आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली एका ठिपक्यावर करून बघायचं, काही दिवस थांबायचं. दोऱ्यानं केस मुळासकट उपटला तर लेझरला पकडायला राहतं काय? आणि तुझी पाळी सांगतेय की आत हार्मोन्सची गडबड आहे. ती न बघता वरचे केस जाळले तर परत येणारच. कधीकधी चेहऱ्यावर वाढतातसुद्धा. तिथं कुणी विचारलं नाही हे?"

"नाय."

"फॉर्म भरून घेतला असेल. त्याची प्रत माग. तो तुझा कागद आहे."

भाग्यश्रीनं क्लिनिकच्या नंबरावर फोन केला. रिसेप्शनच्या मुलीनं फारशी चौकशी न करता फोटो पाठवला. कडावला जाणाऱ्या रिक्षात, आईच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असताना, तिनं तो मोठा करून पाहिला.

अक्षर नम्रताचंच होतं. 'र'ला लांब शेपटी द्यायची सवय शाळेपासूनची.

पाळी नियमित आहे का? होय. काही गोळ्या चालू? नाही. गेल्या महिन्याभरात उन्हात काम? नाही. गेल्या सहा आठवड्यांत दोरा किंवा वॅक्स? नाही. त्वचेच्या रंगासमोर चार चौकोन होते. खूण होती 'गहूवर्णी'वर. त्याखाली ओळ होती, चाचणी ठिपका घेतला का? होय, आणि पुढं तारीख. त्या तारखेला भाग्यश्री खाचरात विळा घेऊन वाकलेली होती. दुपारी नम्रताच तिला भाकरी द्यायला बांधावर आली होती.

"चुकून झालं असंल गं," सुंदरा म्हणाली.

"आई, चुकून एखादं झालं असतं. इथं तिनं एक पण खरं लिवलं नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. घरी पोचल्यावर मात्र ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नम्रताच्या घरी गेली. नम्रता अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. भाग्यश्रीला पाहून तिचे हात थांबले.

"खोटं का लिवलंस?"

"खरं लिवलं असतं तर क्लिनिकच्या मॅडमनी तुला परत पाठवलं असतं."

"मग पाठवायचं होतं ना परत!"

नम्रता कपड्यांची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मला दहा चेहरे पूर्ण करायचे होते. दहा झाले की सर्टिफिकेट. मग सीनियर ऑपरेटर. ओळखीचं कोण येणार होतं माझ्याकडं? तुझ्याशिवाय कोण हाय?"

"मी कितवी?"

"चौथी."

"आधीच्या तिघींना असं झालं?"

"त्या उजळ होत्या."

"म्हंजे तुला माहीत होतं."

नम्रतानं दोरीवरचा पुढचा कपडा ओढला. तिच्या तोंडून "चुकले" एवढा एक शब्द आला असता तर भाग्यश्री कदाचित तिथंच रडली असती आणि दोघी मिळून पुढचं बघितलं असतं. पण नम्रतानं मान वर केली.

"सही तुझीच हाय ना त्याच्यावर? आणि कंप्लेंट करायला गेलीस तर मला पण सांगावं लागंल, दहा वर्षं काय चाललंय ते. नवनाथच्या घरी कळंल. बघ तुझं तू."

भाग्यश्री वळली. आळीच्या टोकापर्यंत ती चालत आली. मग ती सार्वजनिक नळाच्या कट्ट्यावर बसली. भाजलेल्या जागेपेक्षा ते वाक्य जास्त जळत होतं. दोघींच्या बंद खोलीतली गोष्ट नम्रतानं जपून ठेवली होती, ती अशी एक दिवस तिच्यावरच उगारायला?

तिथंच बसून तिनं नवनाथला फोन लावला. आपल्या तोंडानं सांगायचं, मग कुणाच्या हातात काही उरणार नाही. तिनं सगळं सांगितलं, केसांपासून फोडांपर्यंत.

"दवाखान्यात जाऊन आलीस ना?" तो म्हणाला. मग, "आमच्या आईला एवढ्यात नको सांगूस."

"का?"

"तसं नाय. पण तिला उगाच..."

"मी सांगणार हाय," भाग्यश्री म्हणाली. "लग्नाच्या आधीच."

"बरं," तो म्हणाला. त्यापेक्षा बरं उत्तर तिला हवं होतं, पण निदान खोटं नव्हतं.

गुरुवारी ती एकटी शिळफाट्याला गेली. डॉक्टर आत कुणाला तरी तपासत होते. बाहेरच्या सोफ्यावर एक मुलगी अंग चोरून बसली होती. तिनं आपणहून सांगितलं, नाव आवडी, घाटातल्या ठाकुरवाडीची, कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर कामाला. ओठावरची लव काढायची होती. रंगानं ती भाग्यश्रीपेक्षाही काळी. मांडीवर तोच दोन पानी फॉर्म होता. खाली वेड्यावाकड्या अक्षरात सही झालेली, वरचे रकाने कोरे.

"हे कोण भरणार?" भाग्यश्रीनं विचारलं.

"त्या ताई भरत्यात म्हनाल्या."

भाग्यश्रीनं ओढणी सोडली. दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं डॉक्टर सोडून परक्या माणसासमोर केस वाढलेली हनुवटी उघडी ठेवली होती, तीही भाजलेली. आवडीनं पाहिलं आणि स्वतःच्या ओठावर हात ठेवला.

"हे इथंच झालंय. तू फॉर्म स्वतः वाच. समजंल तेवढं खरं लिही. पाळी नीट येते का, गोळ्या खातेस का, ऊन, दोरा, सगळं. डॉक्टरला विचार की हे मशीन माझ्या रंगाला चालतं का. आधी एका ठिपक्यावर करा म्हणून सांग. नाय म्हणाले तर उठून घरी जा."

आवडीनं पेन मागितलं. एकेक अक्षर जोडत ती वाचायला लागली. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"आवडी, चल," म्हणत नम्रता बाहेर आली आणि तिथंच थबकली. भाग्यश्रीचा उघडा चेहरा, आवडीच्या हातातलं पेन, दोन्ही तिनं पाहिलं.

"भाग्या, इथं नको गं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाया पडते."

भाग्यश्री तिच्या बाजूनं आत गेली आणि मोबाइलवरचा आपला फॉर्म डॉक्टरांसमोर ठेवला. खाली त्यांचा शिक्का होता. त्यांनी तो दोनदा वाचला. असला ठिपका आपण बघितलेलाच नाही, त्या तारखेला आपण इथं नव्हतो, असं ते म्हणाले. क्लिनिकच्या मॅडम धावत आल्या, पाणी दिलं, पुढच्या सगळ्या बैठका फुकट देते म्हणाल्या.

"मला बैठका नकोत. ठिपका घेतला नव्हता असं लिहून द्या."

मॅडमनी लिहून दिलं नाही. डॉक्टरांनी दिलं, त्यांच्या लेटरहेडवर, तीन ओळी. भाग्यश्रीनं त्या जोडून अलिबागला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं तक्रार पाठवली. तिथून पोच आली, उत्तर यायला उन्हाळा लागला. पण नम्रताला मशीनवरून त्याच आठवड्यात काढलं. नंतर ती बदलापूरला कुठल्यातरी पार्लरमध्ये लागली. आवडी त्या दिवशी फॉर्म अर्धवट ठेवून घरी गेली होती, एवढं रिसेप्शनच्या मुलीकडून कळलं.

डॉ. दामल्यांनी सोनोग्राफी करायला लावली. अंडाशयावर गाठी निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या, पाळी हळूहळू रुळावर आली. डाग मार्चपर्यंत फिकट झाले, एक मात्र जबड्याखाली राहिला. केस कमी झाले, गेले नाहीत. "लेझर पुढं करू, घाई नको," डॉक्टर म्हणाल्या. भाग्यश्रीलाही आता घाई नव्हती. होणाऱ्या सासूला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. सुरुवातीला त्या जरा फुरंगटल्या, मग म्हणाल्या, तुझं सामान ठेवायला बाथरूमच्या खिडकीत फळी मारून घेऊ.

लग्नाची तारीख मेमधली निघाली. पत्रिकांवर नावं घालायला मायलेकी ओट्यावर बसल्या, तेव्हा यादी वाचता वाचता सुंदरा थांबली.

"नम्रताची आई भेटलेली काल. पोरगी रोज रडते म्हणाली. घालू का नाव?"

भाग्यश्रीनं पेनला टोपण लावलं.

"पत्रिका दे," ती म्हणाली. "हळदीला मात्र बोलावू नको."

सुंदरानं लेकीच्या हनुवटीकडं पाहिलं. तिनं पुढची पत्रिका उचलली.