एका रेषेत कापलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे, पण तो फक्त समोरून. मागून पाहाल तर मी कोट कमी आणि खिडकी जास्त. कॉलरपासून खालच्या काठापर्यंत माझी पाठ सरळ चिरलेली आहे. हसू आलं असेल तर खुशाल हसा. पूर्वी मला राग यायचा, आता येत नाही. एका छोट्या गावातल्या फोटो स्टुडिओत, आरशाशेजारच्या खुंटीवर, मधला थोडा काळ सोडला तर, मी पन्नासहून अधिक वर्षं राहतो आहे.

माझा जन्म त्या स्टुडिओच्या शेजारच्या शिंप्याकडे झाला. गावात सर्कस आली होती. तिच्यातल्या पहिलवानाने कोट शिवायला टाकला. माप घेताना टेप त्याच्या छातीला पुरेना, म्हणून शिंप्याने सुतळी लावली. माझं शेवटचं बटण लागलं त्या सकाळी पाहतात तर काय, मैदान रिकामं! सर्कस तंबू गुंडाळून केव्हाच पसार झाली होती. मग शिंप्याने मला गावातल्या झाडून सगळ्या माणसांना घालून पाहिलं. जो घालेल तो माझ्यात हरवून जायचा. शिंपी मला पाहिलं की कपाळाला हात लावायचा.

शेजारी आबांनी नुकताच स्टुडिओ थाटला होता. तेव्हा ते आबा नव्हते, पंचविशीतले तरुण फोटोग्राफर होते. नोकरीच्या अर्जावर फोटो हवा, फोटोत कोट हवा, आणि गावात कोट असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आबा मला घेऊन गेले, टेबलावर पालथं पाडलं, खडूने पाठीवर रेघ मारली आणि पडद्याचं कापड कापायची मोठी कात्री चालवली. करकर, करकर! मला वाटलं, आटोपला कारभार. पण आबांनी दोन्ही कडांना काळी पट्टी शिवली आणि दुसऱ्याच दिवशी मला एका गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवलं. हात पुढून घालायचे आणि मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. माणूस हडकुळा असेल तर सात चिमटे, धष्टपुष्ट असेल तर एकही नाही. अशा रीतीने मी एकटा साऱ्या गावाच्या मापाचा झालो.

काय ते दिवस होते, मित्रांनो! वर मी, आत टाय, आणि खाली? खाली हाफ पँट, चिखलाचे बूट, कधी नुसतेच अनवाणी पाय. फोटोत छातीखालचं येतंय कुठे! दूधवाला माझ्यात शिरला की साहेब दिसायचा. एका मुलाने तर हसताना फट दिसेल म्हणून पडलेला दुधाचा दात माझ्या खिशात लपवला होता. दात लपवून फट कशी लपणार, हे त्याला कुणी सांगावं!

पुढे आबांचा मुलगा कॅमेऱ्यामागे उभा राहू लागला. त्याला सगळं गाव फोटोकाका म्हणतं. हे काका कॅमेऱ्यामागे असले की नुसते राजे. "मान इकडे. खांदा सोडा. अहो, फोटो काढतोय, दात नाही काढत, घाबरता काय?" पण कॅमेऱ्यासमोर किंवा चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांची बोबडी वळायची. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते अर्धे बाहेर आहेत. मला चिमटे लावायचं काम काकूंचं. चिमटे झाले की त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "आता श्वास सोडा," आणि झटकन पडद्याआड व्हायच्या. काकूंच्या हाताला साबणाचा वास यायचा. मला तो फार आवडायचा.

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. काकांची लेक कॉम्प्युटर शिकून आली. तिला सगळे छोटी म्हणतात, ती बापापेक्षा वीतभर उंच असली तरी. गिऱ्हाइकाने टी-शर्ट घालून यावं, छोटीने दोन बटणं दाबावीत की फोटोत त्याच्या अंगावर झकास कोट! त्या कोटाला ना घाम, ना खिसा, ना कुणाची ऊब. पण तो कधी चुरगळत नाही, एवढं मला मान्य करावं लागतं. माझी रवानगी खुंटीवरून प्रिंटरवर झाली. धूळ बसू नये म्हणून मला त्याच्यावर पांघरलं. एकटे आबा तेवढे अडून होते. रोज दुपारी माझी झिजलेली कोपरं चाचपून म्हणायचे, "कोट घालायचा असतो, चिकटवायचा नसतो. याची कोपरं गेली. स्टुडिओला नवा कोट आणा म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतोय, पण ऐकतो कोण!"

आणि एक दिवस नवा कोट आला. घोटाळा झाला तो इथेच.

गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली होती. त्या समारंभात फोटोकाकांचा सत्कार ठरला. गावातल्या तीन पिढ्यांचे चेहरे त्यांच्या घराने जपले, असं पत्रात लिहिलं होतं. पत्र वाचून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काकांच्या कपाळावर घाम. स्टेजवर जायचं, वर दोन शब्द बोलायचे! आठवडाभर त्यांनी कधी घसा धरला, कधी गुडघा. काकूंनी दाद दिली नाही. त्यांनी शिंप्याकडून काकांच्या बेताच्या मापाचा नवा काळा कोट शिवून घेतला, इस्त्री केली आणि समारंभाच्या दुपारी माझ्या जुन्या खुंटीवर टांगला.

तो आबांनी पाहिला. आबांचा चेहरा असा काही उजळला! अखेर आपलं ऐकलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कोट टेबलावर पालथा घातला. खडू घेतला. मी प्रिंटरवरून सगळं पाहत होतो, पण कोटाला तोंड कुठे असतं? आबांनी ती मोठी कात्री काढली आणि नव्या कोऱ्या कोटाची पाठ कॉलरपासून खालपर्यंत कापली.

"सूनबाई, ये, बघ!" त्यांनी हाक मारली. "कोट कापून ठेवलाय. एका रेषेत! ब्याऐंशी वर्षांचा झालो, पण हात हलला नाही."

काकू ओले हात पुसत आल्या आणि दारातच थबकल्या. मागून काका आले, अर्ध्या दाढीला फेस. त्यांच्यामागे छोटी. आबांनी तिघांकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग काकांच्या अर्ध्या दाढीकडे.

"हा... आज घालायचा होता?"

आबा हळूच स्टुलावर बसले. त्यांनी कात्री काकूंच्या हातात दिली. "ही उचलून ठेव कुठेतरी. यापुढे माझ्या हाताला लागू देऊ नकोस."

मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्याच हाताने, त्याच कात्रीने मला जन्माचं काम मिळवून दिलं होतं.

समारंभाला तासभर उरला होता. शिंपी पुढची खुर्ची मिळावी म्हणून दुकान बंद करून केव्हाच गेला होता. काकूंनी नव्या कोटाला चिमटे लावून पाहिले, पण कोट अगदी मापाचा. काकांनी श्वास घेतला की चिमटा उडायचा. कडांना दोरे लोंबत होते. "शिवायला बसले तर तिकडे आभाराचं भाषण होऊन जाईल," काकू म्हणाल्या.

"नुसत्या शर्टावर जा, बाबा," छोटी म्हणाली. "फोटोत मी मागाहून कोट लावीन."

"फोटोत लावशील गं. सभागृहात कसा लावशील?"

काकांना आयताच बहाणा मिळाला होता. जात नाही म्हणाले असते तर आज काकूंनाही काही बोलता आलं नसतं. पण काकांनी स्टुलावरच्या आबांकडे पाहिलं. जन्मभर चेहरे पाहिलेला माणूस तो. न जाण्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडेल, हे त्यांना उमगलं. त्यांनी तोंडावरचा फेस पुसला, प्रिंटरवरून मला ओढलं आणि झटकलं.

"मी हा घालतो."

"अहो, त्याला पाठ नाही!"

"पुढून आहे ना? मी पाठ दाखवणारच नाही. आबा, उठा. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मला बघायला एक तरी घरचा चेहरा हवा."

आबा नको नको म्हणत होते. काकांनी त्यांचा हात सोडला नाही.

स्टेजच्या बाजूच्या अंधाऱ्या जागेत काकूंनी मला सात चिमटे लावले. काका खेकड्यासारखे आडवे चालत स्टेजवर गेले आणि खुर्चीला पाठ चिकटवून बसले. समोर तीनशे माणसं. आबा पहिल्या रांगेत, मान खाली घालून. काकांचं हृदय माझ्या डाव्या खिशामागे एवढं धडधडत होतं, की बटण तुटतंय की काय, अशी मला भीती वाटली.

नाव पुकारलं. मानपत्र हातात आलं. "आता फोटोकाका दोन शब्द बोलतील." काका माइकसमोर उभे राहिले आणि एक शब्द बोलेनात. पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. कुणी खाकरलं. कुणी खुर्ची सरकवली. काकूंनी डोळे मिटून घेतले.

प्रमुख पाहुण्या बँकेच्या मॅनेजरबाई होत्या. त्या उठल्या आणि धीर द्यायला त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. टक्! एक चिमटा उडाला आणि स्टेजवर पडला. माइकमुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बाईंनी वाकून चिमटा उचलला, माझ्याकडे पाहिलं, माझी कॉलर चाचपली. मीही त्यांना ओळखलं. खांदा मी कधी विसरत नाही. वीस वर्षांची एक मुलगी, फाटकी कॉलर लपवायला माझी बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेली.

"काका," बाईंचा आवाज बदलला. "हा तोच ना? याच्यातल्या फोटोवर मला पहिली नोकरी लागली."

काकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान वर केली होती. आणि काकांना एकदम कंठ फुटला.

"हा कोट माझ्या वडिलांनी कापलाय," ते माइकमध्ये म्हणाले. "बघा, रेघ कशी सरळ आहे!"

असं म्हणून त्यांनी साऱ्या गावाकडे पाठ फिरवली.

मित्रांनो, असा हशा मी कधी ऐकला नव्हता. त्यात टवाळी नव्हती. माणसं उठून उभी राहिली. "अरे, माझा कोट!" शिंपी ओरडला. "तुझा कसला, माझा!" पोस्टमन ओरडला. मॅनेजरबाईंनी माइक घेतला. "ज्यांनी ज्यांनी हा कोट घातलाय, त्यांनी हात वर करा!" डॉक्टर, दूधवाला, दोन शिक्षिका, कंडक्टर... हात मोजता येईनात. आबा हसत होते, रडत होते आणि त्यांचा हात सगळ्यात वर होता.

छोटी कॅमेरा घेऊन स्टेजच्या मागच्या बाजूने वर चढली. "बाबा, लोकांकडे तोंड करा! मला पाठच हवी!" काका वळले. आता ते घाबरलेले नव्हते. समोर तीनशे चेहरे होते, आणि चेहरे म्हणजे तर त्यांचं काम. "हनुवट्या थोड्या खाली," त्यांनी हुकूम सोडला. "डॉक्टर, डोळे उघडे. हात हलवू नका." तीनशे हनुवट्या खाली आल्या आणि क्लिक झालं. त्या फोटोत पुढे माझी पाठ आहे, सहा चिमटे लावलेली, आणि मागे सारं गाव आहे. माझ्या पाठीचा पहिलावहिला फोटो!

तेव्हापासून मुलं स्टुडिओत येऊन चिमट्यांचाच कोट मागतात, त्यामुळे प्रिंटर आता उघडाच असतो. समारंभानंतर तिसऱ्या दिवशी काकूंनी नवा कोट, काळी पट्टी आणि ती मोठी कात्री आबांसमोर आणून ठेवली.

"आबा, कापलाय तुम्ही, मग कडा कोण शिवणार?"

"मला सुई दिसत नाही गं."

"सुई मी ओवून देते. पट्टी तुम्ही कापा."

आबांनी बराच वेळ कात्रीकडे पाहिलं, मग उचलली. आता तो नवा कोट माझ्या शेजारी असतो, लहान मुलांसाठी. अजून कोवळा आहे, चिमटा लागला की कुरकुरतो. मी त्याला सांगतो, होईल सवय.

मित्रांनो, जाता जाता माझं एकच मागणं. जुन्या कोटांना जपा, बाही हळू ओढा, खिशात दात ठेवू नका. आणि घरातल्या थकलेल्या हातांकडून कधी चूक झाली, तर त्या हातांतली कात्री काढून घेऊ नका. फक्त नवा कोट जरा उंच खुंटीवर टांगा.