मधल्याकडे फेक

कॉलेजात होइट टीगचं काम एकच होतं. डेल मॅकनेरीला मागून कुणी पाडू द्यायचं नाही. डेल आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. फेकायला वळला की त्याला स्वतःची डावी बाजू दिसायची नाही, आणि त्या बाजूला होइट उभा असायचा, कपाटासारखा रुंद. डेल म्हणायचा, "मला डोळे दोनच पुरेत. तिसरा होइट आहे."

मी त्याच संघात होतो, बहुतेक वेळ बाकावर. म्हणून त्या नोव्हेंबरातलं मला सगळं दिसलं.

सामना ओक्लाहोमाच्या एका संघाशी होता. पश्चिम टेक्सासात पाऊस असा पडत नाही, पण त्या आठवड्यात पडला होता, आणि मैदानाचा चिखल झाला होता. दुसऱ्या सत्रात होइटचा पाय घसरला. त्याच्या अंगावरून त्यांचा एक धिप्पाड पोरगा सुटला आणि पाठमोऱ्या डेलवर धडकला. डेलचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला आणि सरळ त्यांच्या बाकाकडे चालू लागला. लोक हसले. होइटनं त्याला दंडाला धरून आमच्याकडे आणलं. बादलीत ओकून झाल्यावर डेल कोच स्टॅम्परना म्हणाला, "कोच, मला सगळं तीन-तीन दिसतंय. आज मला नका पाठवू."

"मग मधल्याकडे फेक," कोच म्हणाले.

बाकावर हशा पिकला. डेल पुन्हा आत गेला. आणखी दोनदा पडला. शेवटी त्याच्याच फेकीवर आम्ही जिंकलो. रात्री होइटच्या गाडीतून घरी जाताना त्यानं विचारलं, "कोण जिंकलं रे?"

"आपण," होइट म्हणाला.

जरा वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. घर येईपर्यंत होइट दर वेळी तेच उत्तर देत राहिला.

पुढच्या वर्षी होइटचा गुडघा गेला आणि त्याचा खेळ संपला. लॉस एंजेलिसला त्याचा मामेभाऊ चित्रपटांचे दिवे वाहायचा, त्यानं ह्याला बोलावून घेतलं. होइटनं दिवे उचलले, ट्रक चालवले, नटांची भांडणं सोडवली. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस इतक्या हळू आवाजात बोलतो म्हटल्यावर लोकांचा त्याच्यावर विश्वास बसायचा. पंधराएक वर्षांत तो निर्माता झाला. गावी आला की आम्ही विचारायचो, "निर्माता म्हणजे नक्की करतोस काय रे?"

"सकाळी सगळ्यांना हो म्हणतो," तो सांगायचा, "आणि संध्याकाळी तेच का जमणार नाही ते समजावतो."

डेलनं गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. शाळेत शिकवणाऱ्या ओलेटाशी लग्न केलं, एक मुलगी झाली. चाळिशीच्या आधीच त्याचं डोकं दुखायला लागलं. दिवसाढवळ्या तो गॅरेजात, बंद गाडीत, अंधार करून बसायचा. गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग एका सकाळी मुलीचं नाव गेलं. संतापायचा. एकदा त्यानं ओलेटाला ढकललं, तिचं मनगट मोडलं. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

एक गोष्ट मात्र पक्की राहिली होती. ती बादली, तो चिखल, आणि कोचला तो काय म्हणाला ते. "मी नको म्हणालो होतो, ओलेटा. सांगितलं होतं मी त्यांना."

"हो रे राजा. सांगितलं होतंस," ती म्हणायची. मग तो शांत व्हायचा. आपल्या घराची ही दशा आपण आपल्या हातानं केली नाही, एवढाच त्याचा आधार होता.

होइट एकदा घरी आला तेव्हा ओलेटानं अक्रोडासारखे पेकन घालून केक भाजला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो म्हणाला, "मला त्या सामन्यावर चित्रपट करायचाय. डेलवर. जसं झालं तसं."

"कोचचं ते वाक्यसुद्धा?" ओलेटानं विचारलं.

"त्या वाक्यासाठीच तर करतोय."

"आणि तू घसरलास ते?"

होइटनं मान खाली घातली. "तेही."

डेल टाळी देऊन हसला. "मग मला जरा देखणा दाखव लेका!"

पण चित्रपटाला आमचं मैदान हवं होतं, आमचे गणवेश, कॉलेजचं नाव. कोच स्टॅम्पर वारले होते आणि कॉलेजच्या दारात त्यांचा पुतळा उभा होता. कॉलेजच्या माणसानं पटकथेचे कागद वाचले आणि गोड आवाजात म्हणाला, "आम्हाला काही लपवायचं नाही, टीगसाहेब. फक्त त्या मुलाची जिद्द दिसू द्या." होइट भांडला. आठवडेच्या आठवडे भांडला. पण शूटिंग तोंडावर आलं होतं आणि पैसेवाले दुसऱ्या चित्रपटाकडे वळू लागले होते. तो नमला.

गर्दीत उभं राहायला जुने खेळाडू बोलावले होते, त्यात मी होतो. कोच झालेल्या नटानं डेल झालेल्या पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बस झालं बाळा. आज तू खेळायचं नाहीस." पोरानं त्याचे हात झिडकारले आणि मैदानात धाव घेतली. आजूबाजूच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी होइटला बाजूला घेतलं. "हे असं नव्हतं."

"मला सांगतोस? मीच पाडलं त्याला."

"मग?"

"मग काय! हे नाही तर काहीच नाही. निदान डेलचं नाव तरी कळेल लोकांना."

तो घसरला तेही चित्रपटात नव्हतं.

चित्रपटाचा पहिला खेळ गावातल्या थिएटरात झाला. डेल नवा कोट घालून पुढच्या रांगेत बसला होता. शेवटी सगळं थिएटर उभं राहून त्याच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागलं. डेल रडत होता. ओलेटा हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

महिन्याभरानं तिनं होइटला फोन केला. "येऊन बघ," एवढंच म्हणाली. मी त्याला विमानतळावरून घेऊन गेलो.

डेल व्हरांड्यात बसला होता. होइटला त्यानं ओळखलं. "बरं झालं आलास. हिला समजाव. मी रोज माफी मागतो, ही ऐकतच नाही."

"कसली माफी?"

"कोच नको म्हणत होते रे. हात धरला होता माझा. मीच हट्टानं गेलो. हिच्या जन्माचं मातेरं मी केलं. हिचा हात मोडला, तोही मीच."

होइट त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. दुखरा गुडघा, पण बसला. "डेल, ऐक. तू नको म्हणालास. तीन-तीन दिसतंय म्हणालास. त्यांनी पाठवलं तुला. मी तिथंच होतो."

डेलनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. "तू फार चांगला आहेस, होइट. माझ्यासाठी खोटं बोलतोयस. अरे, मी डोळ्यांनी पाहिलंय."

होइटनं पुन्हा सांगितलं, शपथ घातली, मला साक्षीला उभं केलं. डेल चिडू लागला. शेवटी ओलेटानं दार उघडलं आणि होइटला म्हणाली, "पुरे. तू जा आता. रात्री मला निस्तरावं लागतं."

चित्रपट चांगला चालला. होइटनं त्यानंतर आणखी पाच केले. डेल पुढच्या वसंतात गेला, माफी मागतच.

अंत्यप्रार्थनेला चर्च भरलं होतं. पाद्री तरुण होता, गावात नवा. तो म्हणाला, कोचनं दोन्ही हातांनी अडवलं तरी संघासाठी धावून गेलेला हा माणूस. बाकांवरून माना डोलल्या. त्या दिवशी मैदानात प्रत्यक्ष हजर असलेल्या म्हाताऱ्यांच्याही. होइट शेवटच्या रांगेत होता. तो उठला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग भजन सुरू झालं आणि तो खाली बसला.

कबरीपाशी त्यानं ओलेटाला गाठलं. "ओलेटा, मला वाटलं होतं..."

"फार चांगला केलास तू चित्रपट," ती म्हणाली. "माझं नाव विसरला तो शेवटी. तुझा तो प्रसंग नाही विसरला."

मुलगी गाडी सुरू करून थांबली होती. ओलेटा जाऊन तिच्या शेजारी बसली. होइटनं हातातली टोपी डोक्यावर घातली आणि मला विचारलं, विमानतळाला जायला किती वेळ लागेल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू मेक्सिकोत त्याचं शूटिंग होतं.