इबू एंडांगच्या गुळण्या

विड्याच्या पानांच्या अर्काने बुरशी मरते, हे जावा बेटावरच्या क्लातेनच्या कॉलेजात सिद्ध झालं होतं. म्हणजे विभागप्रमुख पाक सुवोंदोंनी, म्हणजे सुवोंदो सरांनी, पिवळ्या भाताचा उंच शंकू, तुंपेंग, कापून ते साजरं केलं होतं, आणि एकदा भात वाटून झाल्यावर मागे कोण फिरतं?

त्यांची विद्यार्थिनी वेनिंग हिच्या गळ्याखाली मात्र तो भात उतरला नव्हता. अर्क अल्कोहोलात काढलेला. पण बशीत नुसतं अल्कोहोल टाकलं तरी बुरशीत तेवढंच मोकळं कडं पडत होतं; पानाचा गुण कुठे दिसतच नव्हता. तिने हे हळूच सांगितलं, तर पाक म्हणाले, मग ती बशी दाखवायचीच कशाला. तिच्या प्रबंधावर सही त्यांचीच हवी होती. वेनिंग अदबीने "इंगिह" म्हणाली. मोठ्यांना हो म्हणायचं असतं, पटलं की नाही ते आपलं आपल्यापाशी.

आता अर्क लोकांपुढे आणण्याचा समारंभ ठरला. त्याला जिल्हाप्रमुखांच्या पत्नी इबू एंडांग, म्हणजे एंडांगबाई, येणार होत्या आणि त्या अर्काने गुळण्या करून दाखवणार होत्या. आता पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईंच्या तोंडी अल्कोहोल कसं द्यायचं? पाकांनी पानं पाण्यात उकळून नवा अर्क आठवडाभर आधीच भरून ठेवला. निकाल जुनेच राहिले.

मंचावर बाटलीवरचा बाटिक रुमाल काढला. आत कापसासारखी पांढरी बुरशी तरंगत होती.

सगळ्यांनी पाहिली. प्राचार्य एकाएकी छताच्या पंख्याकडे निरखून बघू लागले. पाकांनी पेला भरला आणि इबूंच्या हातात दिला.

सही गेली तर जाऊ दे, पण हे डोळ्यांदेखत होऊ द्यायचं? वेनिंग वाकून पुढे गेली आणि तिने पेल्यावर हात ठेवला.

"इबू, माफ करा. हे तोंडात घेऊ नका. यात बुरशी आहे."

पाक प्रसन्न हसले. "बघा इबू, किती नैसर्गिक आहे! बुरशीसुद्धा सुखाने राहते, मग माणसाला कसला अपाय?"

टाळ्या पडल्या. इबूही हसल्या. पेला दोन्ही हातांनी त्यांनी पाकांपुढे धरला.

"मग पाक, आधी तुम्ही. वडीलधाऱ्यांचा मान."

एवढ्या अदबीने दिलेल्याला नाही म्हणता येत नाही. पाकांनी गुळणी केली, सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

सही पुढच्या वर्षावर गेली. वेनिंगला नवा विषय मिळाला: विड्याच्या पाण्यात बुरशीची वाढ. यात यश नक्की आहे, असं पाक घसा खाकरत म्हणाले.